आयर्लंडच्या 1901 च्या जनगणनेत सासरच्या घरापुढे ‘थर्ड क्लास’ लिहिलंय, म्हणजे अगदीच गरिबी होती का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मिस्टर आयरिश आहेत, त्यांच्या पणजोबांचं मेयो काउंटीतलं घर 1901 च्या जनगणनेत सापडलं, तिथे ते ‘थर्ड क्लास’ आहे, 1911 ला तेच घर ‘सेकंड क्लास’, घरातली म्हातारी मधल्या दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारी झालीय, आणि 1901 च्या मागे त्या पॅरिशचं (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचं) काहीच मिळत नाही. मी इथे आयर्लंडमध्येच राहतो, भाड्याच्या घराचा इतिहास शोधता शोधता या कागदांचं वेड लागलं, त्यामुळे जरा लांबलचक सांगतो.

आधी क्लासचं बघू. तो कोणी घराकडे बघून मनाने ठरवलेला नाही, चक्क बेरीज आहे. कुटुंबाने भरायचा तो फॉर्म ए, पण घराची माहिती गणना करणारा पोलीस कॉन्स्टेबल फॉर्म बी-वनवर भरायचा. भिंत दगड, वीट किंवा काँक्रीटची असेल तर 1, माती किंवा लाकडाची असेल तर 0. छप्पर स्लेट, लोखंडी पत्रा किंवा कौलांचं असेल तर 1, गवताने शाकारलेलं असेल तर 0. मग खोल्या, आणि इथे सगळे फसतात (मी पण फसलो), कारण त्या रकान्यातला आकडा म्हणजे खोल्यांची संख्या नाही, तो कोड आहे. एकच खोली असेल तर 1, दोन ते चार खोल्या असतील तर 2, पाच-सहा असतील तर 3, असं वर जातं. शेवटी घराच्या पुढच्या बाजूला खिडक्या किती, तो मात्र खरा आकडा. सगळ्याची बेरीज 12 किंवा जास्त आली तर फर्स्ट क्लास, 6 ते 11 सेकंड, 3 ते 5 थर्ड, त्याखाली फोर्थ.

आता तुम्ही दिलेली ओळ घ्या. भिंत 1, छप्पर 0, खोल्या 2, खिडक्या 2. झाले 5, थर्ड क्लास. म्हणजे दगडी भिंतीचं, गवताने शाकारलेलं, दोन ते चार खोल्यांचं आणि पुढे दोन खिडक्या असलेलं घर. खेड्यातल्या साध्या शेतकऱ्याचं घर, अगदी खोपट नव्हे. आणि 1911 ची ओळ तुम्ही दिली नाहीये पण तीच गंमत असणार, एक खिडकी वाढली किंवा गवत जाऊन स्लेट आली की बेरीज 6, लगेच सेकंड क्लास. एका खिडकीवर घराची इयत्ता वाढते! त्या काळात खेड्यात घरं सुधारलीसुद्धा होती हे खरंय, 1903 च्या विंडहॅम कायद्यानंतर कुळं कर्ज काढून जमिनी विकत घ्यायला लागली, आणि उद्या जमीनदार हाकलून देईल ही भीती गेली की माणूस घरावर पैसा घालतोच. पण तुमच्या घरात नेमकं काय बदललं ते बी-वनवरच कळेल, नुसत्या क्लासवरून काहीही ठरवू नका.

खरी गरिबी बघायची असेल तर ती फोर्थ क्लासमध्ये. एका खोलीचं मातीचं झोपडं. 1841 च्या जनगणनेत आयर्लंडभर अशी 4 लाख 91 हजारांवर घरं मोजली गेली, 1851 ला उरली 1 लाख 35 हजारांच्या आसपास. एवढी झोपडी दहा वर्षांत सुधारली नव्हती, मध्ये बटाट्याचा दुष्काळ झाला, आत राहणारी माणसं मेली नाहीतर बोटीत बसली. लोकसंख्या 81 लाख 75 हजारांवरून साडेपासष्ट लाखांवर आली, आणि मार पडला तो मुख्यतः या झोपड्यांवर.

म्हातारीचं वय. ही चूक नाही, ही पेन्शन आहे 😀 1908 च्या कायद्याने सत्तरीच्या वरच्या गरीब म्हाताऱ्यांना आठवड्याला जास्तीत जास्त 5 शिलिंग मिळायला लागले, जानेवारी 1909 पासून. जन्मनोंदणी सगळ्यांसाठी सुरू झाली 1864 ला, म्हणजे या लोकांकडे जन्माचा दाखला असणं शक्यच नाही. त्यामुळे पेन्शनसाठी वय वाढवून सांगितलं तरी खोडून काढणार कोण? 1901 ला छप्पन्न असलेली म्हातारी 1911 ला एकाहत्तर असली तर हसू नका. अर्थात 1901 चं वयही अंदाजपंचेच असायचं, तेव्हा दोन्हीपैकी खरं कुठलं हे विचारण्यात अर्थ नाही.

आणि याच पेन्शनमुळे तुमच्या तिसऱ्या प्रश्नात थोडी आशा आहे. 1821 ते 1851 चे घरोघरचे कागद डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या दफ्तरखान्यात होते, जून 1922 मध्ये यादवी युद्धात ते जवळपास सगळे जळाले. 1861 आणि 1871 चे सरकारनेच आधी नष्ट केले होते, 1881 आणि 1891 चे पहिल्या महायुद्धात लगद्यात गेले. पण आग लागायच्या आधी पेन्शनवाले म्हातारे वयाचा पुरावा म्हणून 1841 आणि 1851 च्या कागदांत आपलं नाव शोधून द्या असे अर्ज करायचे, आणि सापडलेली माहिती त्या अर्जांवरच उतरवली जायची. ते अर्ज राहिले. तुमची म्हातारी त्यात असेल तर तिचे आईवडील, भावंडं, सगळं घर एका कागदावर मिळू शकतं. नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर हे सगळं फुकट आहे.

ते नाही मिळालं तर ग्रिफिथचं व्हॅल्युएशन बघा, 1847 ते 1864, आपल्या भाषेत सातबारा आणि घरपट्टी एकत्र. कुळाचं नाव, जमीनदाराचं नाव, जमीन किती, घराची किंमत किती. फक्त त्यात कुटुंबप्रमुखच असतो, बायकापोरं नाहीत. अजून एक, पॅरिशच्या नावाने शोधत बसू नका. 1901 चे कागद काउंटी, मग डिस्ट्रिक्ट इलेक्टोरल डिव्हिजन, मग टाउनलँड असे लावलेत. टाउनलँड म्हणजे साधारण आपली वाडी आणि तिचं शिवार, अशी साठ हजारांच्या वर आहेत. आडनावाने शोधलंत तर आडनावाच्या आधी ओ लावलाय की नाही (ओब्रायन की नुसतं ब्रायन) यातच संध्याकाळ जाईल, त्यापेक्षा टाउनलँड उघडा आणि घर नंबर एकपासून सरळ वाचत जा.

(आपल्याकडे 1901 च्या जनगणनेत पणजोबा शोधायला जाल तर हात हलवत परत याल, घरोघरचे कागद जपलेच नाहीत, छापील कोष्टकं तेवढी आहेत. इथली लोकं जळालेल्या कागदांसाठी हळहळतात तेव्हा मी गप्प बसतो.)

1911 च्या फॉर्म एवर एक रकाना जरूर बघा. लग्न झालेल्या बाईने लिहायचं, लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, आज किती जिवंत आहेत. हे विधवांनी भरायचंच नव्हतं, पण कितीतरी जणींनी भरलं, मग वरून काट मारलेली दिसते. काट मारली तरी आकडे वाचता येतात. तुमची म्हातारी विधवा असेल तर मूळ स्कॅन उघडा, टाइप केलेल्या माहितीवर थांबू नका.

आणि फॉर्म बी-टू सोडू नका, त्यात गोठा, डुकरांचं खुराडं, कोंबड्यांचं, पीट (जळणासाठी वाळवलेली दलदलीची माती) साठवायची खोली, सगळं वेगवेगळं मोजलंय. माझ्या घरमालकाच्या जुन्या घराला 1901 ला थर्ड क्लास आणि मागे पाच गोठे-कोठारं होती, म्हातारा ते वाचून म्हणाला, बरोबर आहे, आमच्यात जनावरांची सोय आधी. घर अजून उभं असेल तर सासूबाईंकडून समोरून काढलेला जुना फोटो मागवा आणि खिडक्या मोजा.