बॅक्टेरियाला कसं कळतं की आपण एखाद्या पृष्ठभागावर टेकलोय?

तुम्ही विचारलंय की बॅक्टेरियाला ना डोळे ना मेंदू, मग पाण्यात पोहता पोहता आपण कशावर तरी टेकलो हे त्याला कळतं कसं आणि यात जीन्सचा काय संबंध. एम.एस्सी.ला मायक्रोबायोलॉजी होतं आणि हा माझा आवडता टॉपिक, त्यामुळे जरा लांबण लावतो.

माझ्या मते यातली गंमत अशी की निदान काही बॅक्टेरियांना पृष्ठभाग वगैरे कळतच नाही, आपली शेपटी नीट फिरत नाहीये एवढंच कळतं.

व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस घ्या, कच्च्या मासळीतून पोट बिघडवणारा, १९५० च्या ओसाकातल्या विषबाधेत सापडलेला. पाण्यात असताना याला टोकाला एकच शेपटी असते, म्हणजे फ्लॅजेलम, आणि तिची मोटर सोडियमवर चालते. पण घट्ट आगरच्या (बॅक्टेरिया वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमाच्या) प्लेटवर टाकला की गडी वेगळाच, विभाजन थांबवतो, लांबच लांब होतो, अंगभर नव्या शेपट्या फुटतात (या प्रोटॉनवर चालतात) आणि सगळे मिळून झुंडीनं प्लेटभर पसरतात. या नव्या शेपट्यांचे जीन्स म्हणजे लॅफ जीन्स, पाण्यात ते बंद असतात.

मग चालू कोण करतं? लिंडा मॅकार्टर, मायकेल सिल्वरमन वगैरेंनी १९८८ साली एक भारी आयडिया केली, लॅफ जीन्सना चमकणाऱ्या बॅक्टेरियाचे लक्स जीन्स जोडले, म्हणजे लॅफ चालू झालं की पेशी उजेड देणार. आणि मग पृष्ठभाग दिलाच नाही! नुसतं पाणी दाट केलं, तरी उजेड. शेपटीला चिकटणाऱ्या अँटीबॉडी टाकल्या, तरी उजेड. टोकाच्या शेपटीचे जीन्सच बिघडवले तर साध्या पातळ माध्यमातही लॅफ चालू. मिक्सरमध्ये वाटण अडकलं की मोटर जड चालायला लागते ना, तसंच, शेपटी हाच सेन्सर. पुढे १९९६ मध्ये सोडियमची मोटर औषधानं मंद करूनही हेच दिसलं. फक्त शेपटी अडकून भागत नाही हां, सोबत लोहाचा तुटवडाही लागतो.

पेशीच्या आत यात सायक्लिक डाय-जीएमपी नावाचा छोटा रेणू असतो, १९८७ मध्ये जेरुसलेमच्या मोशे बेन्झिमन यांच्या ग्रुपनं शोधलेला. तो कमी असला की व्हिब्रिओ झुंडीनं पसरतो, वाढला की चिकटून बसतो आणि बायोफिल्म, म्हणजे पृष्ठभागावर चिकट थर करतो.

सगळेच असं करतात असं मात्र नाही. स्युडोमोनास एरुजिनोसा हा दुसरा बॅक्टेरिया पिलाय म्हणजे बारीक आकड्यांनी पृष्ठभाग चाचपतो, शिवाय त्याच्याकडे डब्ल्यूएसपी नावाची वेगळी यंत्रणा आहे, टेकल्यावर ती हाच रेणू बनवायला लावते. तिचा ब्रेक म्हणजे डब्ल्यूएसपीएफ हा जीन, तो बिघडला तर पेशीला कायम आपण टेकलेलोच आहोत असं वाटतं आणि कॉलनी, म्हणजे प्लेटवरचा पेशींचा ठिपका, सुरकुतलेली, चिकट येते. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या पेशंटच्या फुप्फुसातून असे म्युटंट, म्हणजे हा जीन बिघडलेले बॅक्टेरिया, खरंच मिळालेत.