ताटं परत येताना बघ

प्रश्न : ताई, मी आहारशास्त्रात एम.एस्सी. करतेय. सध्या पुण्यातल्या एका रुग्णालयात इंटर्नशिप चालू आहे. रुग्णांशी बोलायला मिळेल असं वाटलं होतं, पण दिवस जातो किचनमध्ये ताटांवर चिठ्ठ्या लावण्यात आणि ट्रॉलीमागे फिरण्यात. वॉर्डात पाठवलंच तर लोक ऐकत नाहीत. परवा डायलिसिसच्या एका काकांना नारळपाणी बंद करायला सांगितलं, तर काकू म्हणाल्या, "आजाऱ्याला नारळपाणी नको म्हणणारी तूच पहिली!" यात मी शिकतेय काय?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : काकूंवर रागावू नकोस. रुग्णाला बघायला जाताना शहाळं न्यायची आपल्याकडे रीतच आहे. पण नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि किडनी काम करेनाशी झाली की ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हे तुला पाठ असेल. त्यांना कोणी सांगितलंय का? ते सांग आणि मग चार्ट बाजूला ठेवून विचार, "काकू, भाजी कशी करता?" बटाटा, पालेभाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं (बरंचसं पोटॅशियम त्यातच जातं), मग फोडणी. हे रांधणारीला सांगायचं असतं, काकांना सांगून उपयोग नाही.

मिठाचं पाकीटही आणायला सांग. बीपी आहे म्हणून कौतुकाने 'लो सोडियम' मीठ आणणारी घरं मी कितीतरी पाहिली. त्यात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड असतं. म्हणजे नारळपाणी बंद आणि वरणातून पोटॅशियम चालूच!

आणखी एक. डायलिसिसच्या आधी कुणीतरी 'डाळ, अंडी कमी' असा कागद दिलेला असतो. डायलिसिस सुरू झाल्यावरही तो पाकिटात जपून ठेवलेला सापडतो. पण आता प्रथिनं वाढवायची असतात, वजनाच्या दर किलोमागे साधारण १ ते १.२ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला रोज ६० ते ७२ ग्रॅम. जुना कागद मागून घे आणि वरिष्ठांना दाखवून त्यांच्यादेखत बदल. अशा वेळी काकू हमखास ऐकतात, कारण आता तू काहीतरी खायला देतेयस.

आता तुझी ट्रॉली. माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयात झाली, म्हणून सांगते, जाणाऱ्या ट्रॉलीपेक्षा परत येणारी मला जास्त कामाची वाटली. खिचडी तशीच आली? तोंड आलं असेल. पोळी अख्खी आणि वरण संपलेलं? कवळी घरी राहिली असेल. ताट झाकलेलंच? सोनोग्राफीला नेलं होतं, आले तेव्हा सगळं गार. आयाबाईंना विचार, त्यांना सगळं ठाऊक असतं. (त्यांच्याशी गोड राहा, हे वेगळं सांगायला नको.)

चिठ्ठ्यांना तर अजिबात हसू नकोस. मधुमेहाच्या रुग्णाच्या नळीत साखर घातलेलं फीड जायला एक चुकलेली चिठ्ठी पुरते. खाट क्रमांक आणि नाव, दोन्ही जुळल्याशिवाय काही द्यायचं नाही.

संकष्टी, एकादशी, गुरुवार कॅलेंडरवर बघून वॉर्डात जा. "उपास आहे का?" असं विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. इन्सुलिन टोचून घेतलेलं असतं आणि किचनचं ताट परत जातं. मग एक तर पोटात काहीच नाही, नाहीतर घरून आलेली साबुदाण्याची खिचडी. दोन्हीकडून साखरेचा गोंधळ. असं दिसलं की आधी सिस्टरना सांग, उपदेश नंतर.

राउंडला डॉक्टर थांबत नाहीत, ही तक्रार पुढच्या पत्रात येणारच, म्हणून आत्ताच सांगते. "नीट जेवत नाहीत" असं सांगितलंस तर ते मान डोलावून पुढच्या खाटेकडे जातील. "कालपासून अर्धी पोळी आणि दोन कप चहा, एवढंच पोटात गेलंय" असं सांग. तरी थांबले नाहीत, तर तेच वाक्य फाइलमध्ये तारीख-वेळ घालून लिही आणि खाली तुझ्या वरिष्ठ आहारतज्ज्ञांची सही घे.