सायकलवाल्याला कसला क्लेम?

प्रश्न : माझे मिस्टर सुतारकाम करतात, वय ४३. गंगापूर रोडवरचं फर्निचरचं काम आटोपून संध्याकाळी सायकलवर पंचवटीत घरी येत होते. मागून भाजीच्या पिकअपने उडवलं. उजवं मनगट मोडलं, प्लेट टाकावी लागली. याला अडीच महिने झाले. पिकअपच्या मालकाने दवाखान्यात १५ हजार दिले आणि आता 'आमची काही तक्रार नाही' असं स्टॅम्पपेपरवर लिहून मागतोय. म्हणतो, सायकलवाल्याला कसला क्लेम? ना लायसन, ना इन्शुरन्स, मागे लाल दिवासुद्धा नव्हता. पोलिसांनी दवाखान्यात जबाब घेतला, पुढे काहीच नाही. सही करावी का?
*– एक भगिनी, पंचवटी, नाशिक*

उत्तर : ताई, सही करू नका. तो कागद उद्या उलटतपासणीत तुमच्याच मिस्टरांच्या हातात ठेवला जाईल. घेतलेले १५ हजार मात्र लपवू नका. फार तर तेवढे भरपाईतून वजा होतील.

लायसन-इन्शुरन्सचं म्हणाल, तर सायकलला दोन्ही लागत नाही. भरपाई मागायची असते ती पिकअपच्या विमा कंपनीकडून. थर्ड पार्टी विमा (गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा) त्यासाठीच सक्तीचा आहे. गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकून विम्याची मुदत पाहून घ्या. दिव्याचा मुद्दा कंपनीचा वकील काढणारच. मागे दिवा नव्हता एवढ्याने दावा बुडत नाही. त्यामुळे अपघाताला हातभार लागला हे कंपनीने सिद्ध करायचं असतं, आणि केलं तरी तेवढ्या टक्क्यांनी रक्कम घटते. म्हणून तिथे रस्त्यावरचे दिवे चालू होते का, धडक मागून बसली हे कोणी पाहिलं, ही माहिती आत्ताच गोळा करा. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला अजून सगळं आठवत असेल.

पहिलं काम एफआयआरचं. ज्या ठाण्याच्या हद्दीत अपघात झाला तिथे लेखी फिर्याद द्या. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. उशीर का झाला ते स्पष्ट लिहा (ऑपरेशन, दवाखाना, घरात दुसरं माणूस नाही). समाधानकारक कारण असेल तर केवळ उशिरामुळे दावा फेटाळला जात नाही. ठाण्यात घेतलं नाही तर तीच फिर्याद पोस्टाने पोलीस उपायुक्तांकडे पाठवा. मोटार वाहनांच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. पाठवला का, हे ठाण्यात विचारायला संकोचू नका. विचारल्याशिवाय फाइल जागची हलत नाही, हा माझा तरी अनुभव आहे.

दुसरं, मुदत. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून ६ महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. दावा सीबीएस बसस्थानकाजवळच्या आपल्या जिल्हा न्यायालयातच चालेल.

आता पैशांचं. मिस्टरांची कमाई महिना १८ हजार धरू. पगाराची स्लिप नसणारच. मग बँकेचं पासबुक, फोनवर आलेले पेमेंट, ज्या ठेकेदाराकडे कामं केली त्याची साक्ष, हे सगळं लागेल. काहीच दिलं नाही तर न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपासचा आकडा धरतं. स्वतःचा धंदा करणाऱ्या चाळिशीतल्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातली वाढ म्हणून २५ टक्के मिळवतात (सर्वोच्च न्यायालय, प्रणय सेठी निकाल, २०१७). म्हणजे महिना २२,५००, वर्षाचे २ लाख ७० हजार. वय ४३ ला गुणक १४, म्हणजे वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे १४ ने गुणायचं आणि त्यावर नुकसानीचा टक्का काढायचा.

सगळी मेख पुढच्या आकड्यात आहे. समजा, सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्यात संपूर्ण शरीराच्या हिशेबाने ८ टक्के अपंगत्व आलं. तेवढंच धरलं तर होतात ३ लाख २ हजार ४००. पण उजवं मनगट वळत नसेल तर सुताराने रंधा मारायचा कसा? २०११ च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं आहे की शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात गेलेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते, सुताराचा मात्र धंदाच बसतो. न्यायाधिकरणाला कमाईचं नुकसान ३० टक्के पटलं तर तोच हिशेब ११ लाख ३४ हजारांवर जातो. औषधपाणी, बुडालेली मजुरी, वेदना यांची रक्कम याशिवाय. म्हणून दाखला फाइलला लावून थांबू नका. डॉक्टरांना साक्षीला बोलवा, आणि पटाशी किंवा करवत धरता येते का, हे त्यांच्या तोंडून वदवून घ्या.

मध्येच कंपनी २ लाख ५० हजारांत मिटवायला बोलावेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला, चूक कोणाची हे सिद्ध न करता, तेवढे मिळतात. पण ते घेतले की मोठा दावा संपतो, हे ध्यानात ठेवा.

फीचं सांगते. भरपाईतला ठरावीक टक्का फी म्हणून घ्यायला वकिलांना मनाई आहे. दवाखान्याच्या दारात 'वीस टक्क्यांत करून देतो' म्हणणारा भेटला तर, तो माझ्या व्यवसायबंधूंपैकी असला तरी, दूर ठेवा. वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. त्यांचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच आहे.

प्रश्न : पहाटे त्र्यंबक रोडवर सायकलिंग करताना एका कारने धक्का दिला आणि ती पळून गेली. कॉलरबोन मोडलं, महागडी सायकल वाकली. नंबर दिसला नाही.
*– एक वाचक, इंदिरानगर*

उत्तर : आधी पोलिसांना लेखी पत्र देऊन रस्त्यावरचं आणि आसपासच्या हॉटेलांचं सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवायला सांगा. थोड्याच दिवसांत ते पुसलं जातं. गाडी सापडली तर वरच्यासारखाच दावा, त्यात सायकलची किंमतही मागता येते, बिल जपा. सापडलीच नाही तर 'हिट अँड रन' योजनेतून गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास २ लाख मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. या योजनेत सायकलचा छदामही मिळत नाही. आणि पुढे गाडी सापडून दुसरी भरपाई मिळाली तर हे ५० हजार परत करावे लागतात.

'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत पार करणारे महाजन बंधू या शहराचे, त्याचा आपल्याला अभिमान आहेच. तरी कोर्टात मला जास्त भेटतात ते वॉचमन, दूधवाले, सुतार. ५० हजारांच्या या योजनेचं नाव त्यांच्या कानावर गेलेलं नसतं. तुमच्या ग्रुपमध्ये एवढं पोचवलंत तरी बरं.

प्रश्न : पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात खड्डा दिसला नाही, सायकलवरून पडून पुढचा दात तुटला. कोणावर दावा करू?
*– एक विद्यार्थी, सिडको*

उत्तर : दात तुटणं हीसुद्धा गंभीर दुखापत आहे, हसण्यावारी नेऊ नकोस. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ठरवून दिलं की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर ६ लाख आणि जखमी झाल्यास दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख द्यायचे. महापालिका हद्दीत आयुक्त आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती हे ठरवते. शेजारी पाण्याची बाटली ठेवून खड्ड्याचा फोटो काढ, म्हणजे खोली कळेल. फोटो लवकर काढ, कारण तक्रारीला उत्तर यायच्या आधी खड्डा बुजलेला असतो. दातांच्या डॉक्टरांकडून तारखेसह लेखी घे आणि अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारून घे.