काळ्या कागदावरचं गॉथम

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ठाण्याला असतो. १९९२ ची बॅटमॅनची कार्टून मालिका म्हणजे त्याचा जीव की प्राण. मागे मी त्याला इथून डीव्हीडीचे चारही संच पाठवले होते. आता त्याच मालिकेचा ब्लू-रे संच त्याच्या वाढदिवसाला द्यावा असं मनात आहे. पण आमच्या घरी सगळे म्हणतात, टीव्हीसाठी काढलेलं जुनं कार्टून ते, त्यात ब्लू-रेनं असा काय फरक पडणार? पैसे वाया जातील का?
– एक वाचक भगिनी, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : ताई, पैसे वाया जाणार नाहीत. खुशाल घ्या. मी उमेदीची वर्षं अंधेरीतल्या स्टुडिओंमध्ये कार्टूनच्या बॅकग्राउंड रंगवण्यात घालवली, त्यामुळे या मालिकेबद्दल मला जरा जास्तच बोलावंसं वाटतं. ते सहन करा.

मालिका टीव्हीसाठी होती हे खरं, पण ती चित्रित झाली ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर. सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पानावर, रंगवलेली चित्रं बॅकग्राउंडवर ठेवून एकेक फ्रेम कॅमेऱ्यानं टिपलेली. त्या काळच्या टीव्हीला फिल्मवरचं निम्मंसुद्धा दाखवता येत नव्हतं. तुम्ही पाठवलेल्या डीव्हीडी २००४ आणि २००५ मधल्या, त्यांवर चित्राच्या आडव्या ओळी ४८०. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेला ब्लू-रे संच मूळ फिल्मवरून नव्यानं तयार केलेला आहे आणि त्यावर ओळी १०८०. जे तपशील फिल्मवर पहिल्यापासून होते, ते आत्ता कुठे घरात पोचले.

आणि या मालिकेत तपशील कुठे आहे, तर काळोखात. एरवी आम्ही पांढऱ्या कागदावर फिका रंग देऊन सुरुवात करायचो आणि सावल्या वरून चढवायचो. ब्रूस टिम यांच्यासोबत ही मालिका उभी करणाऱ्या एरिक रॅडोम्स्की यांनी ते उलटं केलं. बॅटमॅनचं गॉथम शहर काळ्या कागदावर रंगवायचं. उजेड जिथे पडतो तेवढंच रंगवायचं, बाकीचा काळोख कागदाचा. खिडकीची पिवळी चौकट, गच्चीची निळसर कड, रस्त्यावरच्या दिव्याखालचा एक तुकडा, बस्स. आयुष्यभर ब्रश धरलेल्या माणसाला विचारा, हे किती धाडसाचं काम आहे. हात जरा जड पडला की रात्र गेलीच.

डीव्हीडीवर हाच काळोख सर्वांत आधी मार खातो. डेटा कमी पडला की काळ्या भागात चौकोनी ठिगळं दिसू लागतात आणि इमारतीची कड त्यात विरून जाते. ब्लू-रेवर चित्र थांबवून पाहा. इमारतीच्या टोकाशी रंग संपत जातो तिथे कोरड्या ब्रशचे फराटे दिसतात, त्यांच्या मधून कागद डोकावतो. संच चांगला की वाईट हे मी आधी याच जागी बघते. या संचानं ती परीक्षा उत्तम पार केली आहे.

भावाला दोन भाग आधी लावायला सांगा. पहिला ‘हार्ट ऑफ आइस’. पॉल डीनी यांना या भागाच्या लेखनासाठी एमी पुरस्कार मिळाला. सुरुवातीलाच खलनायक मिस्टर फ्रीझ काचेच्या गोळ्यातली नाचणारी बाहुली बघत बसलेला आहे आणि तिच्याभोवती बर्फ भुरभुरतो आहे. बर्फ आणि फिल्मचा ग्रेन, म्हणजे तिच्यावरचे बारीक दाणे, या दोन्हींनी डिस्कचा घाम निघतो, कारण पडद्यावरचा प्रत्येक कण हलत असतो. इथे कण वेगवेगळे दिसायला हवेत, त्यांचं धुकं होता कामा नये. दुसरा, ‘फीट ऑफ क्ले’चा उत्तरार्ध. टीव्ही स्टुडिओतल्या पडद्यांवर स्वतःच्या जुन्या भूमिका बघून क्लेफेसचा, म्हणजे हवा तो चेहरा घेणाऱ्या, एकेकाळी नट असलेल्या खलनायकाचा, स्वतःवरचा ताबा सुटतो आणि तो एका चेहऱ्यातून दुसऱ्या चेहऱ्यात वितळत जातो. जपानच्या टीएमएस स्टुडिओचं हे काम. तो प्रसंग एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. एकाही चित्रात आळस नाही.

याच गोष्टीचा पूर्वार्ध दुसऱ्या स्टुडिओनं केला आणि तो उत्तरार्धापुढे फिका वाटतो. ती उणीव चित्रकामातली आहे. डिस्कनं ती लपवली नाही आणि लपवूही नये. तसंच धुळीचं. ब्लू-रेवर सेलवरचे कण, एखादा ओरखडा स्पष्ट दिसतो. भाऊ म्हणेल, एवढ्या महागाच्या संचात कचरा कसा? त्याला सांगा, ही धूळ कॅमेऱ्याखाली सेल ठेवला त्या दिवशीची आहे. ती संगणकानं साफ करायला गेलं की ग्रेन जातो, मागोमाग शाईची रेघ मऊ पडते, आणि पात्रं मेणाची दिसायला लागतात. या संचावर काम करणाऱ्यांनी हात आवरता घेतला याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. सगळ्यांचं नशीब एवढं चांगलं नसतं. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘बॅटमॅन बियॉन्ड’ या नंतरच्या मालिकेच्या संचात काही भागांची फिल्म खराब झालेली निघाली आणि ते भाग व्हिडिओवरून मोठे करावे लागले. फरक डोळ्याला कळतो.

एकूण १०९ भाग आहेत. पहिले ८५ मूळ मालिकेचे, शेवटचे २४ म्हणजे १९९७ पासूनचे ‘न्यू बॅटमॅन ॲडव्हेंचर्स’. त्या २४ मध्ये पात्रांच्या रेघा साध्या केल्या, रंग सपाट केले, आकाश लाल केलं. तिथे डीव्हीडी आणि ब्लू-रे यांत तेवढं अंतर जाणवत नाही. तुमचे पैसे खरे वसूल होतात ते पहिल्या ८५ मध्ये.

आवाज दोनच चॅनेलचा आहे, आणि तो तसाच असावा. शर्ली वॉकर यांच्या हाताखाली जवळपास प्रत्येक भागासाठी वेगळं वाद्यवृंद संगीत तयार होत असे. टीव्ही कार्टूनला एवढा मान क्वचित मिळाला आहे. चांगला हेडफोन लावून ऐकायला सांगा. केविन कॉन्रॉय ब्रूस वेनचा, म्हणजे मुखवट्याविना बॅटमॅनचा, आवाज सोडून बॅटमॅनच्या आवाजात शिरतात तेव्हा मधला श्वाससुद्धा ऐकू येतो. २०२२ मध्ये ते गेले, तेव्हापासून मला तो श्वास फार मोलाचा वाटतो.

मर्यादित आवृत्तीत तीन छोट्या बाहुल्या आणि कार्डं आहेत. त्यांच्यासाठी जादा पैसे मोजू नका. बाहुल्यांविना साधा संचही निघाला आहे. मालिका कशी घडली यावरचा ‘द हार्ट ऑफ बॅटमॅन’ हा दीड तासाहून मोठा माहितीपट मात्र आवर्जून बघावा.

पाठवण्याआधी एक काम करा. ब्लू-रेच्या विभागणीत अमेरिका ‘ए’ गटात येते, भारत ‘सी’ मध्ये. हा संच काढणाऱ्या वॉर्नर कंपनीच्या बहुतेक डिस्क कुठेही चालतात, तरी खोक्यामागची खूण तपासा आणि भावाचा प्लेअर कोणता आहे ते विचारून घ्या. त्याच्या टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद करायला लावा. कार्टूनमध्ये एकेक चित्र बहुधा दोन फ्रेम धरून ठेवलेलं असतं. टीव्ही मध्येच आपली चित्रं घुसडतो आणि क्लेफेससारख्या प्रसंगाची पार वाट लावतो.

प्रश्न : हाच संच मी घेतला. पण चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. झूम करून बघितलं तर चालेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कृपया करू नका. मालिका चारास तीन या मापात रंगवली आहे. झूम केलंत की वरखाली मिळून पाव चित्र कापलं जातं. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला नावाची एक रंगवलेली पाटी येते, ती झूम करून आणि न करता अशी दोन्ही बघा, म्हणजे काय गमावताय ते कळेल. रुंद पडदा भरून बघायची हौस असेल तर याच संचात १९९३ चा ‘मास्क ऑफ द फँटॅझम’ आहे. तो आधी थेट व्हिडिओसाठी करायचा होता, पण काम चालू असताना चित्रपटगृहात लावायचं ठरलं, आणि त्याचं चित्र रुंद मापात आहे. रविवारी दुपारी पडदे ओढून तो लावा.