वाचकांचे प्रश्न : हंगामाच्या सणाची यादी

प्रश्न : सप्रेम सलाम. आमची ख्रिस्ती मंडळी (चर्च) बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात एका लहान गावात आहे. निम्मी घरे मराठी बोलतात, निम्मी कन्नड. भातकापणीनंतर आम्ही हंगामाचा सण करतो, आणलेल्या जिनसांचा लिलाव होतो आणि पुढच्या रविवारी कोणी किती दिले याची यादी उपासनेत वाचली जाते. रोजगाराला जाणाऱ्या काही भगिनी अलीकडे सणाला येईनाशा झाल्या आहेत. "आमचे नाव यादीत कधी येतच नाही, मग कोणत्या तोंडाने यायचे?" असे त्या म्हणतात. देवळाची झाडलोट आणि प्रीतिभोजनाचा स्वयंपाक मात्र त्याच करतात. यादी वाचणे बंद करावे काय? शिवाय, मदतनिधीतून मराठी घरांना झुकते माप मिळते अशी कन्नड कुटुंबांची तक्रार आहे. ती कशी मिटवावी?
– मंडळीचे एक पंच

उत्तर : सलाम. नावानिशी यादी वाचणे बंद करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हिशेब सांगणे मात्र कधीही बंद करू नये. या दोन गोष्टींची आपल्याकडे गल्लत होते. यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना प्रेषित पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक बंधू पाठवला, तो एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून (बायबलमधील करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय 8). त्याच अध्यायात तो संपन्न करिंथकरांपुढे मासेदोनियातील मंडळ्यांचे उदाहरण ठेवतो. त्या मंडळ्या स्वतःच अत्यंत गरिबीत होत्या, तरी त्यांनी आपल्या ऐपतीपलीकडे दिले. देणगी मान्य होते ती जवळ जे आहे त्याच्या मानाने, जे नाही त्याच्या मानाने नव्हे, हेही तो तेथेच सांगतो. रकमांच्या क्रमाने वाचलेल्या यादीत ही मोजणी नेमकी उलटी होते. मंदिराच्या भांडारासमोर बसलेल्या येशूने श्रीमंतांच्या मोठ्या रकमा पाहिल्या आणि तरीही दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकणाऱ्या विधवेचे दान सर्वांहून अधिक ठरवले, हे आपण सर्व जाणतो.

आता तुमच्या लिलावाकडे जरा जवळून पाहू. एखादी भगिनी दुसऱ्याच्या शेतात राबून मिळालेली रताळ्यांची टोपली आणून वेदीपुढे ठेवते. लिलावात त्या टोपलीला चढी बोली लागते. बोली लावणाऱ्याचे नाव रकमेसह वहीत चढते आणि टोपली आणणारीचे नाव कोठेच राहत नाही. म्हणजे दान दोघांचे झाले आणि नोंद एकाचीच झाली. बोली लावणारा बंधू खोटा नाही, त्याचे पैसेही मंडळीच्याच उपयोगी पडतात. परंतु "आम्ही काही देत नाही" असे त्या भगिनींना वाटू लागले ते अशाच वहीमुळे, आणि हे शल्य मला यादीपेक्षाही मोठे वाटते. वही पंचांपाशी असावी आणि तिच्यात जिन्नस आणणाऱ्याचीही नोंद व्हावी; मंडळीपुढे केवळ एकूण जमा, खर्च आणि शिल्लक वाचावी.

श्रमाचे काय? स्वयंपाक करणाऱ्यांची निराळी यादी करून ती वाचावी, असे कोणी सुचवील. मी सुचवणार नाही, कारण डाव्या हाताला कळू न देता द्यावे ही शिकवण श्रमालाही लागू आहे. त्याऐवजी निधी कोणाला द्यावा हे ठरवणाऱ्या समितीत या भगिनींना बसवा. कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही, कोणाचे औषध अर्धवट सुटले आहे, हे त्यांना पंचांच्या आधी कळते. 2019 च्या ऑगस्टमधील महापुरासारखा प्रसंग आपल्या जिल्ह्यावर पुन्हा आला, तर पहिली मदत कोणत्या घरी न्यावी हे अशाच माणसांना विचारावे लागेल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अध्याय 6 मध्ये, यरुशलेमेतील पहिल्या मंडळीच्या हकिकतीत, जवळजवळ तयारच आहे. रोजच्या अन्नवाटपात आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी ग्रीक भाषा बोलणाऱ्या विश्वासणाऱ्यांनी इब्री बोलणाऱ्यांविरुद्ध तक्रार केली. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना फूट पाडणारे ठरवले नाही. त्यांनी सगळ्या मंडळीला बोलावून सात जण निवडायला सांगितले, आणि स्तेफन, फिलिप्पापासून अंत्युखियाच्या निकलावापर्यंत त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्या भाषेच्या माणसांच्या हाती सगळ्यांचेच वाटप सोपवण्याइतका विश्वास त्या मंडळीने दाखवला.

1956 पासून सीमाभागातील मराठी माणसाने भाषेपायी सोसले आहे, म्हणून ही सूचना काही वाचकांना जड वाटेल. पण आपल्यावर होणारा अन्याय ज्याला कळतो, त्याने आपल्या हातून होणारा अन्याय तरी ओळखावा. तेव्हा निदान पुढील वर्षी वाटप समितीत कन्नड भाषिक सभासद अधिक असू द्या, आणि मदतीचा तिमाही हिशेब, लाभार्थ्यांची नावे न देता, देवळाच्या फलकावर मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत एकाच दिवशी लावा.