लेकराचा नंबर लागला, मग मला रडू का येतंय?

ताई,
मी मुखेड तालुक्यातल्या एका गावची, वय ४४. लेकाच्या डॉक्टरकीच्या नीट परीक्षेसाठी दोन वर्षं लातूरला खोली करून राहिले. तो पहाटे चारला उठायचा, म्हणून मीही. शेजारच्या खोल्यांतल्या चार पोरांचे डबेही करायची. यंदा त्याचा नागपूरला नंबर लागला. गावभर पेढे वाटले आणि मी घरी परत आले. आता अलार्म नसतानाही चारला डोळा उघडतो, छाती धडधडते, हात गार पडतात. ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. मालक म्हणतात, तुला काय कमी आहे? तेही रात्री उठून गोठ्यात जाऊन बसतात. कधी वाटतं, झोपावं ते उठूच नये. पुण्याची भाची म्हणते, ऑनलाइन समुपदेशन घे. पण ज्यानं मला कधी पाहिलं नाही त्याला माझं काय कळणार? घर तीन खोल्यांचं, सासूबाई दिवसभर ओसरीवर, मंगळवारी तेवढ्या भजनाला जातात. बोलू कुठं? आणि यात फसवणूक तर नसते ना?
— एक आई

बाई,
तुझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते.

आधी ते एक वाक्य. "झोपावं ते उठूच नये" हे तू गोठा आणि भाची यांच्या मध्ये लिहून पुढं निघून गेलीस. मला नाही जाता येत. हा विचार नुसता येऊन जातो की जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं, हे कागदावरून मला दिसत नाही. तसं वाटत असेल तर हे वाचणं इथंच थांबव, मालकांना उठव, १४४१६ लाव आणि एकटी राहू नकोस. 'टेलि-मानस' ही मनाच्या त्रासासाठी फोनवर बोलायची सरकारी सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली. चोवीस तास, फुकट, मराठीतून. इंटरनेट लागत नाही, बटणाचा फोनही चालतो. नुसता विचार येऊन जात असला तरी कुणाशीही बोलायला बसलीस की पहिल्यांदा हेच वाक्य सांग. ते दचकणार नाहीत. हे विचारायचंच असतं, हे त्यांच्या कामातच येतं.

"टेन्शन घेऊ नका" हे दवाखान्यात फुकट मिळतं आणि तेवढ्याच कामाचं असतं. ईसीजी झाला, बरं झालं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही बघून घे. पाळी जायच्या वयातही अशी धडधड होते, झोप मोडते, तेही डॉक्टरांना विचार. बाकी, जीव घाबरला की शरीर पळायच्या तयारीला लागतं. काळीज जोरात चालतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हात गार. तू सोंग करत नाहीस आणि तुला वेडही लागलेलं नाही.

आता मला जे दिसलं ते सांगते. चुकत असेन तर सोडून दे. तू लेकराची आठवण येते असं लिहिलंस का? मी पत्र तीनदा वाचलं, नाही लिहिलंस. लिहिलेत ते चार डबे. मी लातूरच्या ट्यूशन एरियातल्या अशा खोल्या पाहिल्यात. एका गॅसवर कुकर, दुसऱ्यावर तवा, दाराबाहेर चपलांचा ढीग, आणि दुपारी लेकरं क्लासला गेली की जिन्यात बसून मेथी निवडणाऱ्या, कुणी जालन्याची, कुणी हिंगोलीची, अशा आया. तिथं तुझ्या कामाला वेळ होती, हातात स्वतःचे चार पैसे होते, आणि ओसरीवर कुणी बसलेलं नव्हतं. मला वाटतं तुला लेकरापेक्षा लातूर जास्त आठवतंय. हे घरात बोलता येतं का? नाही येत. सासूबाईंना काय सांगणार, मालकांना काय सांगणार? पेढे वाटलेल्या घरात तर नाहीच.

ज्यानं पाहिलं नाही त्याला काय कळणार, असं विचारतेस. अगं, त्यानं पाहिलेलं नाही हीच तर सोय आहे. त्याला तुझी सासू माहीत नाही, भावकी माहीत नाही. तुझं वाक्य तो उद्या पारावर नेणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानंही तुला हा गुप्ततेचा हक्क दिलाय. जिवाला धोका दिसला, अशा मोजक्याच कारणांसाठी तो दुसऱ्या कुणाला सांगेल. आणि पुस्तकी मराठी बोलायच्या भानगडीत पडू नकोस. "मला कसंतरीच व्हायलंय" हे ज्याला कळत नाही, तो समुपदेशक बदलायचा.

फसवणूक होते, हो. समुपदेशक अशी पाटी कुणीही लावतं. म्हणून शिक्षण विचार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मनाच्या आजारांवर उपचार शिकलेला तज्ज्ञ, म्हणवत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचार. यात लाजायचं काही नाही, बियाणं घेताना पिशवीवरचं वाचतोच की आपण. फी आधी ठरव. दहा वेळेचे पैसे एकदम भर म्हणणाऱ्याला, आठ दिवसांत बरं करतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार. गोळ्या फक्त डॉक्टरच लिहून देऊ शकतो. तशी गरज पडली तर नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथं जा. टेलि-मानसवर दर वेळी तोच माणूस भेटेल असं नाही. सुरुवातीला ते चालेल, पण महिना-दोन महिने बोलायचं तर एकच माणूस धर.

जागेचं म्हणशील तर हेडफोनवर विसंबू नकोस. त्यानं समोरच्याचं बोलणं झाकतं, तुझं नाही. माळवदावर गेलीस तर "काय करायलीस वर?" येणारच. त्यापेक्षा शेतातला आखाडा बरा, रेंज येत असेल तर. व्हिडिओ बंद ठेवून नुसतं बोललं तरी चालतं, तसं आधी सांगायचं. साधारण पाऊण तास लागतो, तेवढं चार्जिंग बघ.

सासूबाईंना सांगू नकोस, काही बिघडत नाही. मालकांना मात्र सांग. जो माणूस रात्री उठून गोठ्यात जाऊन बसतो, तो म्हशीकडं बघायला जात नसतो. तुला काय कमी आहे म्हणणाऱ्याचीही झोप उडालीय. हवं तर पहिल्या फोनला त्यांनाही आखाड्यावर ने, बांधावर बसू दे. पण बोलताना तू एकटीच.

डब्यांचे पैसे काही उरले असतील तर फी त्यातूनच दे, म्हणजे कुणाला हिशेब द्यायला नको. मंगळवारी सासूबाई भजनाला जातात म्हणालीस. मग मंगळवारच धर.

— तुझी ताई