चांगल्या रस्त्यावर डांबर आणि आमच्या गल्लीत खड्डे, असं का?

प्रश्न : आमच्या गल्लीत नुसते खड्डेच खड्डे आहेत, पालिकेत विचारलं तर म्हणतात बजेट नाही. आणि शेजारचा मोठा रस्ता बरा होता तरी त्यावर परत नवीन थर टाकला. हा कुठला न्याय?
– एक वाचक

उत्तर : राग येणारच, पण बऱ्या रस्त्यावर खर्च केला म्हणजे पैसे वाया गेले असं दरवेळी नसतं. रस्ता एकदम खराब होत नाही, आधी बारीक भेगा पडतात, त्यातून पाणी खाली मुरतं, खालचा खडीचा थर ढिला पडतो आणि मग वरून कितीही डांबर ओता, ते टिकत नाही. भेगा असतानाच त्या बुजवल्या किंवा पातळ थर दिला तर काम स्वस्तात होतं, पण पाया गेला की सगळं उकरून नव्याने बांधावं लागतं आणि त्याला कितीतरी पट जास्त पैसे लागतात. म्हणून 'सगळ्यात वाईट रस्ता आधी' हे धोरण ऐकायला बरोबर वाटतं, पण त्यात सगळं बजेट दोन-चार रस्त्यांवर संपतं आणि तोवर बाकीचे बरे रस्तेही त्याच वाटेने जातात.

बऱ्याच शहरांत आधी सर्व्हे करून प्रत्येक रस्त्याला 0 ते 100 मार्क देतात, 100 म्हणजे अगदी नवा. मग ट्रॅफिक किती, बस जाते का, हॉस्पिटल आहे का हे बघून कुठला रस्ता कुठल्या वर्षी करायचा याची यादी बनवतात. जड वाहनं तर फारच महत्त्वाची, कारण 1958 ते 1960 मध्ये अमेरिकेत ज्या मोठ्या चाचण्या झाल्या त्यातून दिसलं की एक्सलवरचा, म्हणजे दोन बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचा, भार दुप्पट झाला की रस्त्याचं नुकसान साधारण 16 पट होतं.

तरी मला वाटतं की नुसत्या मार्कांवर सोडलं तर लहान गल्ल्यांचा नंबर कधीच लागणार नाही, त्यांच्यासाठी दरवर्षी थोडा निधी वेगळा ठेवायलाच हवा, आणि खड्डा जीवावर बेतणारा असेल तर तो यादीची वाट न बघता लगेच बुजवायला हवा.

तुम्ही पालिकेकडे लेखी मागा की आमच्या रस्त्याला किती मार्क आहेत आणि कुठल्या वर्षाच्या यादीत तो आहे. आणि हेही विचारा की पाइपलाइन, केबलची खोदाई डांबरीकरणाच्या आधी होणार का, कारण नवा रस्ता महिन्याभरात खोदला की तिथला सांधा कायम कच्चा राहतो आणि पाणी नेमकं तिथूनच आत शिरतं.